प्रश्नचिन्हाचा खिळा

मसाल्याच्या फळीवरचा कागद बदलायला काढला
तर डब्यांच्या गोल डागांखाली निघाला
आमचाच पेपर, दैनिक कोटवाणी,
किंमत पंधरा पैसे, आणि वर ठळक:
'विजापूर वेशीत मोर पकडला'.

चोर होता तो.
कुणीतरी 'च'च्या खणात 'म' टाकलेला,
रात्री सव्वाअकराला मी न बघता उचलला.
सकाळी पोलीस चौकीसमोर पोरासोरांसकट गर्दी,
एक बाई पदरात कण्या घेऊन आलेली.
आत शरणू, सायकलचोर, गजांना धरून उभा,
बाहेरून पोरं ओरडतायत, "नाच की बे!"
हवालदार शेवटी वैतागून म्हणाला म्हणे,
"नाच बाबा दोन मिनिटं, गर्दी तरी हटंल."
तो नाचला की नाही, मी पाहिलं नाही.
पण सुटल्यावर त्याला वरातींची बोलावणी येऊ लागली
आणि सायकली चोरायला सवडच उरली नाही,
असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

संपादक हत्तुरेअण्णा तंबाखूची पिंक टाकून म्हणाले,
"एका अक्षरात माणसाला पिसं फोडलास.
दीड रुपया पगारातनं कट."
आणि त्याच आठवड्यात हरवलं
छापखान्यातलं एकुलतं एक मोठं प्रश्नचिन्ह.

त्याआधी आम्ही सगळं विचारून छापायचो.
जुळे सोलापुरात बिबट्या?
पारा पन्नाशी गाठणार?
नळाला रोज पाणी?
त्या वाकड्या खिळ्याला अख्खा पेपर टांगलेला,
अण्णांची अब्रू आणि वकिलाची फीसुद्धा.
खिळा गेला आणि चार दिवस
सोलापुरात सगळं नक्की झालं.

सोमवारी: जुळे सोलापुरात बिबट्या.
तिथं तेव्हा बाभळी आणि सहा घरं.
सहाही घरांनी दिवेलागणीला कड्या लावल्या.
बिबट्यानं, मुळात नसल्यामुळं, काही केलं नाही,
पण एकाची शेळी घाईत दुसऱ्याच्या गोठ्यात राहिली,
तिथंच व्याली,
आणि करडू कुणाचं यावरून
दोन साडू अजून एका पंगतीला बसत नाहीत.

मंगळवारी: पारा पन्नाशी गाठणार.
गाठणारच म्हटल्यावर अंबय्या चिप्पांनी माग थांबवला,
विकायला ठेवलेली चादर भिजवून अंगावर घेतली
आणि गिऱ्हाईकालाही एक ओली दिली. (पैसे घेतले.)
गच्चीवर पसरलेले शेंगदाणे आपोआप भाजले
असं तिघांनी सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगितलं.
त्या दिवशी एकोणचाळीस होता.

बुधवारी मात्र माझाही हात थरथरला.
नळाला रोज पाणी.
साखर पेठेत लोकांनी पिंपं विकली,
रंगम्मांनी हौदात माती भरून तुळस लावली.
पन्नासेक माणसं हार घेऊन पाणी खात्यात गेली,
साहेबाला वाटलं मोर्चा,
तो मागच्या खिडकीतून उडी मारून पाय मोडून घेता झाला.
हार दवाखान्यात पोचवला.
तुळशीला पाणी कुठून घालायचं
हा प्रश्न गुरुवारी पडला,
पण तो छापायची सोय नव्हती.

आता अण्णा नाहीत,
छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात,
तेव्हा सांगायला हरकत नाही:
खिळा हरवला नव्हता.
दीड रुपयाच्या रागानं मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला,
घरी आणला, मोहरीच्या डब्यात बुडवला.
शुक्रवारी परत ठेवायला गेलो
तर अण्णा पुण्याहून नवा घेऊन आलेले, चकचकीत,
माझा तसाच राहिला.
बायको फोडणीला मोहरी घेते तेव्हा
अधूनमधून चमच्याला लागतो. ती म्हणते, खडा.

"झालं का कागद घालून?"
झालं. आजचा पेपर घातला,
घडी मारून, कडेला दुमडून,
आणि मगच मथळा दिसला:
'सोलापूरकरांना रोज पाणी?'

मी हळदीचा डबा उचलला
आणि बरोबर शेवटच्या चिन्हावर ठेवला.